कानांनी जपलेले माहेर

लग्नाचे फोटो आपण अल्बमात जपतो. बाळाचे पहिले अंगडे कपाटाच्या तळाशी सांभाळून ठेवतो. पण मैत्रिणींनो, माहेरच्या घराचा आवाज कधी जपून ठेवलाय का तुम्ही? तुम्ही म्हणाल, ‘घराला कुठला आलाय आवाज!’ जरा डोळे मिटून आठवून बघा बरे. मागच्या दाराची कडी, जिन्याची करकरणारी पायरी, झोपाळ्याच्या कड्या... आले ना घर डोळ्यांपुढे?

साताऱ्याचे आमचे जुने घर पाडून तिथे नवी इमारत बांधायचे ठरले, तेव्हा मला काळजी वाटली ती आईची. काचबिंदूने तिची नजर अगदी अधू झालेली. घरात ती वावरायची ती कानांच्या भरवशावर. तिसरी पायरी करकरली की नातू खाली उतरतोय, मोरीतली बादली वाजली की कामाच्या बाई आल्या, हे तिला बसल्या जागी कळायचे. नव्या ब्लॉकात या खुणा कुठून आणायच्या? निदान जपून तरी ठेवू, म्हणून मी एका सकाळी मोबाइल माजघरात ठेवून अर्धा तास ध्वनिमुद्रण केले.

ऐकले आणि हिरमुसलेच. आवाज सगळे होते, पण घर नव्हते! झोपाळा, भांडी, रस्त्यावरची रिक्षा, सारे एकाच गाठोड्यात बांधल्यासारखे.

असे का व्हावे? त्याचे उत्तर आपल्या दोन कानांत आहे. डावीकडे भांडे पडले की तो आवाज डाव्या कानाला आधी पोचतो, उजव्याला किंचित उशिरा. हा फरक सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी; पण मेंदू तेवढ्यावरून दिशा ओळखतो. शिवाय मध्ये डोके आड येते, म्हणून लांबच्या कानाला आवाज थोडा दबलेला लागतो. पुढचे-मागचे, वरचे-खालचे ओळखायला बाहेरच्या कानाची वळणे मदत करतात. एका मायक्रोफोनला हे कुठून जमणार?

ही युक्ती काही आजची नाही. १८८१ साली पॅरिसच्या वीज प्रदर्शनात क्लेमाँ आदेर यांनी ऑपेराच्या रंगमंचावर टेलिफोनचे ट्रान्समीटर मांडले होते. लोक दोन रिसीव्हर दोन कानांना लावून ऐकत, आणि गाणारा रंगमंचावर कुठे आहे हे त्यांना दुरून जाणवत असे.

पुढे कलावंतांनीही हे ऐकणे मनावर घेतले, आणि त्यांत बायका मागे नाहीत हं! हिल्डेगार्ड वेस्टरकँप या कॅनडातल्या बाईंनी १९८९ साली व्हँकूवरच्या समुद्रकिनाऱ्यावरचे बारीकसे टिकटिक आवाज टिपून रचना केली. १९९७ च्या त्यांच्या एका रचनेत तर दिल्लीच्या फेरीवाल्यांच्या आरोळ्या आहेत. कॅनडाच्याच जॅनेट कार्डिफ १९९१ पासून ‘ऐकत चालायच्या’ कलाकृती करतात. हेडफोन लावून त्या वाटेने चालायचे. त्यांची पावले आणि कुजबुज अगदी आपल्या शेजारी ऐकू येते. त्यांची पद्धत म्हणजे कानांच्या जागी दोन मायक्रोफोन. मग म्हटले, हे आपल्यालाही का जमू नये?

साहित्य थोडेच लागते. इलेक्ट्रेट जातीचे, शर्टाच्या बटणाएवढे दोन सारखे मायक्रोफोन, बारीक शील्डेड वायर, साडेतीन मिलिमीटरची स्टीरिओ पिन आणि छोटा रेकॉर्डर. रेकॉर्डरला स्टीरिओ मायक्रोफोन लावायची सोय हवी, आणि मायक्रोफोनला लागणारी थोडीशी वीजही त्यानेच पुरवायला हवी. या सोयीला ‘प्लग-इन पॉवर’ म्हणतात; दुकानात विचारूनच घ्या. मायक्रोफोनच्या मागे दोन टोके असतात. धातूच्या कवचाला जोडलेली दोन्ही टोके पिनेच्या बुंध्याला, डाव्याचे दुसरे टोक पिनेच्या अग्राला आणि उजव्याचे मधल्या कड्याला. सोल्डरिंग येत नसेल तर रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणाऱ्याकडून करून घ्या.

आता मायक्रोफोन हेअरबँडला शिवून कानांपाशी, तोंड बाहेरच्या बाजूला करून बसवा. कानाच्या भोकात मात्र काही घालू नका. वर स्पंजचा तुकडा हवाच, नाहीतर वाऱ्याची झुळूकही ढगांसारखी गडगडते. पंखा बंद करा आणि हातातल्या बांगड्या रुमालाने बांधून घ्या. मान हलवू नका. तुम्ही मान वळवलीत की ऐकणाऱ्याभोवती सारे घर फिरते! कुकरच्या शिट्टीने आवाज फाटतो, तेव्हा मुद्रणाची पातळी आधीच कमी ठेवा. आणि ऐकायचे ते हेडफोननेच. स्पीकरवर लावले तर सारी गंमत जाते.

माझी पहिली खेप फसली. डावे-उजवे बदलले गेले, आणि देवघर मोरीच्या जागी गेले! तेव्हा आधी डाव्या, मग उजव्या कानाशी चुटकी वाजवून तपासून घ्या. दुसरे म्हणजे, घरातल्यांना सांगितल्याशिवाय त्यांचे बोलणे टिपू नका. कुणाचे खासगी बोलणे आलेच, तर ते पुसून टाकावे.

घर रिकामे करण्यापूर्वी मी आईशेजारी झोपाळ्यावर बसून तासभर मुद्रण केले. नव्या ब्लॉकात तिला ऐकवायचे ठरवले तेव्हा वहिनी म्हणाली, “वन्सं, कशाला जुनं उगाळायचं? त्रास होईल त्यांना.” मलाही धाकधूक होतीच. हेडफोन लावून आई काही वेळ गप्प बसली. मग मान उजवीकडे वळवून म्हणाली, “तिसरी पायरी वाजली. कोण गं उतरलं?” तिच्या डोळ्यांत पाणी होते, पण हेडफोन काही तिने काढू दिला नाही.

आता ती ते रोज मागत नाही. सणावाराला ऐकते. लिफ्टचे दार, शेजारच्यांची बेल, या नव्या खुणाही तिला ओळखू येऊ लागल्या आहेत. आमचे जिन्याचे घर आता उरले नाही. पण आईला हवे तेव्हा त्या झोपाळ्यावर जाऊन बसता येते.

तुमचे घर आज उभे आहे ना? मग पाडायची वाट कशाला बघायची? येत्या रविवारी, सकाळच्या चहाच्या वेळी, सुरुवात तर करा!