पाण्यातून थेट पेडलवर

गोव्यात २०१९ साली सुरू झालेल्या आयर्नमॅन ७०.३ या ट्रायथलॉन स्पर्धेत १.९ किलोमीटर पोहून आलेले स्पर्धक ओल्या पायांनीच सायकलीकडे धावतात. पुढे ९० किलोमीटर सायकल, मग २१.१ किलोमीटर धावणे.

ओले पाय झटकन आत जावेत म्हणूनच ट्रायथलॉनच्या सायकलिंग बुटाला लेस नसते. एक-दोन रुंद वेलक्रो पट्टे, टाचेमागे ओढायला लूप, मऊ अस्तर आणि पाणी निथळायला छिद्रे असतात. वरचा पट्टा बाहेरच्या बाजूला उघडणारा हवा. आत उघडला तर चेनमध्ये अडकू शकतो.

मुंबईजवळच्या डोंगरी-उत्तन रस्त्यावर सराव करणाऱ्याने बूट संध्याकाळी, मोज्यांशिवाय घालून पाहावा. किनाऱ्याच्या दमट उकाड्यात पाय फुगतात. बोटे आखडली, तर बूट कितीही हलका असो, घेऊ नये. पहिल्या स्पर्धेला रोड सायकलिंगचा साधा बूटही खुशाल चालतो. फक्त तळाचे क्लीट, म्हणजे पेडलमध्ये अडकणारे तुकडे, आपल्या पेडलला बसणारे हवेत.