अकरा पूर्णांक सात खेळाडू

हिशेब तीनदा केला. एकदा मोबाइलवर, एकदा वहीत आणि तिसऱ्यांदा कुपवाड एमआयडीसीत एका फौंड्रीचे हिशेब बघणाऱ्या मित्राला समोर बसवून. तिन्ही वेळा उत्तर तेच आलं, तेव्हा मित्र चहा विसरला.

गणित चौथीतलंच आहे. केंद्राच्या खेलो इंडिया योजनेत देशभरातून निवडलेल्या खेळाडूंचा सरकारने सांगितलेला एक आकडा २,७८१. प्रत्येकामागे वर्षाला मंजूर रक्कम ६ लाख २८ हजार रुपये. त्यातले महिन्याला १० हजार खेळाडूच्या हातात, बाकी प्रशिक्षण, मुक्काम, खुराक, स्पर्धा यांवर. गुणाकार करा : सुमारे १७४ कोटी ६५ लाख.

आता दुसरी रक्कम. १ जुलै २०२५ पासून अमेरिकेतल्या विद्यापीठांना आपल्या खेळाडूंना थेट पैसे देण्याची मुभा मिळाली. पहिल्या वर्षासाठी एका विद्यापीठाने वाटायची कमाल रक्कम ठरली २ कोटी ५ लाख डॉलर. डॉलर ८५ रुपयांना धरला, तर १७४ कोटी २५ लाख.

म्हणजे १४० कोटींच्या देशाने निवडून काढलेल्या सगळ्या होतकरू खेळाडूंचा वर्षाचा खर्च, आणि तिकडच्या एका विद्यापीठाच्या एका वर्षाच्या वाटपाची मर्यादा, यांत फरक चाळीस लाखांचा. तोही आपल्या बाजूने! आणि तिथल्या खेळाडूंना आधीपासून मिळत असलेल्या शिष्यवृत्त्या या रकमेत धरलेल्याच नाहीत.

अशी सहा विद्यापीठं घेतली की २०२५-२६ च्या अर्थसंकल्पातली खेलो इंडियाची सगळी तरतूद, १,००० कोटी, ओलांडली जाते. त्या वर्षी केंद्राच्या अख्ख्या युवक कल्याण आणि क्रीडा मंत्रालयाला ३,७९४ कोटी मिळाले. टेक्सास विद्यापीठाच्या एकट्या क्रीडा विभागाची २०२४ या आर्थिक वर्षाची मिळकत ३३ कोटी डॉलरच्या घरात होती, म्हणजे सुमारे २,८०० कोटी रुपये. आपल्या मंत्रालयाच्या जवळजवळ पाऊण पट, आणि हा एका कॉलेजचा जिमखाना.

हे सगळं घडलं ते एका खटल्यामुळे. कमाईत वाटा मिळाला नाही म्हणून खेळाडू एनसीएए या तिथल्या महाविद्यालयीन क्रीडा संघटनेविरुद्ध कोर्टात गेले. ६ जून २०२५ रोजी न्यायाधीश क्लॉडिया विल्केन यांनी तडजोडीला मंजुरी दिली. मागच्या वर्षांची भरपाई २.८ अब्ज डॉलर, दहा वर्षांत फेडायची. रुपयांत २३,८०० कोटी. आपल्या क्रीडा मंत्रालयाची सहा वर्षांची तरतूद यात बसते आणि वर थोडं उरतं.

पण मला थक्क केलं ते या आकड्यांनी नाही. अब्जांचे आकडे एका मर्यादेनंतर डोक्यावरून जातात, सांगलीच्या पुरासारखे. पाणी आयर्विन पुलाच्या किती फूट वर गेलं याला मग अर्थ राहत नाही. मला थांबवलं ते ११.७ या आकड्याने.

तडजोडीपूर्वी तिथे दर खेळाला शिष्यवृत्त्यांची मर्यादा होती. पुरुषांच्या टेनिसला साडेचार, कुस्तीला ९.९, बेसबॉलला ११.७. पॉइंट सात खेळाडू म्हणजे कोण, असं मी आधी विचारलं. तर प्रशिक्षकाला पूर्ण शिष्यवृत्त्या अकरा आणि तीन चतुर्थांशांहून थोडी कमी अशी एक, आणि ती भाकरी त्याने मोडून वाटायची. बरीच वर्षं नियम असा होता की जास्तीत जास्त २७ जणांत वाटा आणि कुणालाही पाव भाकरीपेक्षा कमी देऊ नका. चाळीस टक्के पिचरला, तीस टक्के कॅचरला, बाकी बापाच्या खिशातून. हे वाचून मला आपले कॉलेजचे क्रीडाशिक्षक आठवले. आंतरविभागीय स्पर्धेच्या टीए-डीएचे पैसे बारा जणांचे मंजूर, पोरं सोळा, मग वडापावाचा हिशेब. माणूस कुठलाही असो, अपुरी भाकरी मोडायची कला एकच असते.

आता या मर्यादा गेल्या. त्या जागी संघात किती खेळाडू ठेवायचे याचा आकडा आला, आणि त्यातल्या प्रत्येकाला पूर्ण शिष्यवृत्ती द्यायची मोकळीक. बेसबॉल ११.७ वरून ३४. कुस्ती ९.९ वरून ३०. महिलांचा सॉफ्टबॉल १२ वरून २५. महिलांचं नौकानयन २० वरून थेट ६८. अमेरिकन फुटबॉल ८५ वरून १०५. मोठ्या खासगी विद्यापीठात शिकणं, राहणं, जेवण मिळून वर्षाला ८० हजार डॉलर सहज लागतात. म्हणजे बेसबॉलच्या एका संघाची वाढ पूर्ण भरायची, तर वर्षाला पंधरा कोटी रुपये जादा. एका खेळाचे.

वरवर पाहता ही गोष्ट चांगलीच. जास्त पोरांना शिष्यवृत्ती, कुणाला वाईट वाटेल? वाटतं ते लहान कॉलेजांना. छप्पर उंच केलं की फायदा त्याचा, ज्याचं डोकं छपराला टेकत होतं. ज्याला दोन शिष्यवृत्त्याही परवडत नव्हत्या, त्याच्यासाठी ते छप्पर म्हणजे आडोसा होता. मोठ्या विद्यापीठाला फुटबॉलमध्ये ८५ च घेता येत होते, म्हणून ८६ वा चांगला पोरगा पूर्ण शिष्यवृत्तीच्या ओढीने लहान गावातल्या कॉलेजात यायचा आणि तिथला हिरो व्हायचा. आता तो जागेवरच अडवला जातो. कुणी म्हणेल, संघाचा आकडाही बांधलाय, बिनशिष्यवृत्तीची जादा पोरं बाहेर पडतील, ती लहान कॉलेजांना मिळतीलच की. मिळतील. पण ती १०६ वी.

त्यात भरपाईचा मोठा भाग एनसीएए दरवर्षी सभासद विद्यापीठांना जो वाटा देते, त्यातून कापला जातोय. साडेतीनशेहून जास्त विद्यापीठांच्या पानातला घास कमी झाला, आणि पैसा बहुतेक गेला मोठ्या विद्यापीठांच्या फुटबॉल-बास्केटबॉलवाल्यांना. जेवण पाटलाच्या वाड्यावर, वर्गणी अख्ख्या गावाची.

पेनसिल्व्हेनियात लोरेटो नावाच्या छोट्या गावात सेंट फ्रान्सिस विद्यापीठ आहे. त्यांचा बास्केटबॉल संघ १८ मार्च २०२५ रोजी राष्ट्रीय स्पर्धेत ६८-७० असा दोन गुणांनी हरला. असल्या गावासाठी हा सुवर्णकाळच. आठवड्यानेच, २५ मार्चला, विद्यापीठाने जाहीर केलं की आम्ही एनसीएएच्या पहिल्या विभागातून तिसऱ्यात उतरतो. तिसऱ्या विभागात खेळासाठी शिष्यवृत्ती मुळी नसतेच. दोन गुणांनी हरलेला संघ दोन विभाग खाली गेला, तोही आपल्या पायांनी.

आता परत घरी. १९९८ साली सांगली, मिरज आणि कुपवाड यांची मिळून एक महापालिका झाली. २०११ च्या जनगणनेत तिची वस्ती पाच लाखांवर होती. या तीन शहरांतली पोरं कॉलेजात गेली की कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाकडून खेळतात. त्यातलाच एक वेटलिफ्टर संकेत सरगर. वडिलांची सांगलीत पानाची टपरी. २०२० मध्ये भुवनेश्वरला पहिली खेलो इंडिया विद्यापीठ स्पर्धा झाली, तिथे त्याने सुवर्ण घेतलं. ३० जुलै २०२२ ला बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत ५५ किलो गटात स्नॅच ११३, क्लीन अँड जर्क १३५, एकूण २४८ किलो. मलेशियाच्या खेळाडूने २४९ उचलले. एक किलो! साखरेची एक पिशवी. १३९ किलोच्या प्रयत्नात संकेतचं कोपर दुखावलं होतं, तरी तो पुन्हा तेवढ्याच वजनाखाली गेला. राज्य सरकारने त्याला ३० लाख जाहीर केले. एका अमेरिकी विद्यापीठाच्या त्या कमाल मर्यादेतून असे ५८० जण निघतात.

आपल्याकडे शिष्यवृत्त्यांना अमेरिकेसारखी मर्यादा कधी नव्हतीच. भुवनेश्वरच्या त्या पहिल्या स्पर्धेत पंजाब विद्यापीठ पहिलं आणि पुण्याचं सावित्रीबाई फुले विद्यापीठ पहिल्या तिघांत होतं, दोन्ही सरकारी. २०२२ ला बंगळुरूत जैन विद्यापीठ २० सुवर्णांसह पहिलं आलं. २०२३ मध्ये पंजाब विद्यापीठाने पुन्हा बाजी मारली, पण फेब्रुवारी २०२४ च्या गुवाहाटीच्या स्पर्धेत चंदीगड विद्यापीठ पहिलं, लव्हली प्रोफेशनल दुसरं. ही दोन्ही खासगी, आणि दोन्ही चांगल्या खेळाडूची फी शंभर टक्क्यांपर्यंत माफ करतात. त्यात बेकायदेशीर काही नाही. पोराचं भलंच आहे. मीही माझ्या पुतण्याला जा म्हणालो असतो.

फक्त ती पोरं निघतात कुठून, हे बघावं. ती तयार होतात सांगलीतल्या पत्र्याच्या व्यायामशाळेत, कुपवाडच्या खो-खोच्या मैदानावर, जिल्हा परिषद शाळेतल्या पी.टी.च्या सरांच्या शिट्टीवर. दहा वर्षांचा खर्च गावाचा, पदक मात्र तिसऱ्याच्या तक्त्यात. अमेरिकेत निदान ८५ चे १०५ झाले हे छापून आलं, त्यावर भांडणं झाली. आपल्याकडे कोणत्या विद्यापीठाने कुठल्या जिल्ह्यातून किती खेळाडू उचलले, हे एका कागदावर मांडून मला कुणी दाखवलेलं नाही. माझं मत विचाराल तर आधी तो कागद हवा. मग घेणाऱ्याने तयार करणाऱ्या तालमीला काही टक्के द्यावेत. फुटबॉलमध्ये खेळाडू एका क्लबमधून दुसऱ्यात गेला की त्याला लहानपणी घडवणाऱ्या क्लबला हिस्सा पाठवायचा फिफाचा नियम आहेच. व्यावसायिकांना जमतं, ते विद्यापीठांना जमू नये?

तोवर, सांगली-कुपवाडच्या आईबापांना एवढंच. पोराला बाहेरच्या विद्यापीठातून फोन आला, तर आनंदाने पेढे वाटा. पण सही करण्याआधी तीन गोष्टी कागदावर घ्या : शिष्यवृत्ती किती वर्षांची, खानावळ आणि वसतिगृह त्यात धरलंय का, आणि स्पर्धेत कोपर मोडलं तर दुसऱ्या वर्षीची फी कोण भरणार.