चौकट : तेरखेड्याचे ‘पंतप्रधान’ हैदराबादेत

फटाक्यांसाठी ओळखले जाणारे तेरखेडा (ता. वाशी, जि. धाराशिव) 1948 पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. या संस्थानाला स्वतःचा पंतप्रधान असे.

• नेमणूक : निजामाच्या मर्जीने. लोकांच्या मताला त्यात स्थान नव्हते.

• पदनाम : आधी दिवाण. 1919 मध्ये कार्यकारी मंडळ आल्यावर त्याचा अध्यक्ष, म्हणजे सदर-ए-आझम. पहिले अध्यक्ष सर अली इमाम.

• पहिले सालारजंग (1853–83) : 1853 च्या तहाने वऱ्हाड, रायचूर दुआब आणि धाराशिवचा मुलूख इंग्रजांकडे गेला, काही दिवसांतच ते दिवाण झाले. 1857 च्या उठावात त्यांनी इंग्रजांची बाजू घेतली. 1860 मध्ये धाराशिव आणि रायचूर परत मिळाले, वऱ्हाड नाही. पुढे त्यांनी जिल्हाबंदी, म्हणजे जिल्ह्यांची रचना, करून महसुलाची घडी बसवली.

• महाराजा किशन प्रसाद : 1901–12 आणि 1926–37, असे दोनदा या पदावर.

• शेवटचे मीर लायक अली : 13 सप्टेंबर 1948 रोजी भारतीय फौजा सोलापूरकडून नळदुर्गमार्गे संस्थानात शिरल्या. 17 सप्टेंबरला त्यांच्या मंत्रिमंडळाने राजीनामा दिला.

त्यानंतर चारच वर्षांत, 1952 च्या निवडणुकीत, इथल्या शेतकऱ्या-मजुरांनी आपले सरकार स्वतःच्या मताने निवडले. स्वातंत्र्यसैनिकांच्या निजामाविरुद्धच्या लढ्याचे खरे फळ हेच!