देवगिरी आणि दौलताबाद

देवगिरीचे नाव निघताच विद्यार्थ्यांच्या मुखी बहुधा दोनच गोष्टी येतात : रामदेवरावाचा पराभव आणि महंमद तुघलकाचा वेडेपणा. या राजधानीचा इतिहास एवढ्यावर आटोपणे उचित नव्हे.

इ. स. 1187 च्या सुमारास यादव भिल्लम पाचवा याने येथे राजधानी वसविली. सिंघणाच्या कारकिर्दीत राज्याचा विस्तार मोठा झाला. महादेव व रामचंद्र यांच्या पदरी हेमाद्री पंडित होता, आणि 1290 साली ज्ञानेश्वरी सिद्ध झाली ती रामचंद्राच्याच राज्यात. पुढे 1296 साली अलाउद्दीन खलजी अकस्मात चालून आला, तेव्हा युवराज शंकरदेव मुख्य सैन्यासह बाहेर होता. गडावर धान्य म्हणून चढविलेल्या गोण्यांत मीठ निघाले, असे सांगतात. ही कथा मुलांना जरूर सांगावी, परंतु कथा म्हणूनच. रामचंद्राने खंडणी कबूल केली. यादवांचे राज्य पुरते लयास गेले ते 1318 साली.

तुघलकाने 1327 साली या नगरास दौलताबाद हे नाव देऊन राजधानी केले. दक्षिणेतील नव्या मुलखावर दिल्लीहून हुकमत चालविणे कठीण, हा त्यामागील विचार होता, आणि तो विचार वेडा नव्हता. अमीर, विद्वान व सूफी यांना कुटुंबांसह सक्तीने इतक्या दूर हलविण्यात मात्र फार हाल झाले. ते झाकून ठेवण्याचे कारण नाही. काही वर्षांनी परतण्याची मोकळीक मिळाली, तरी अनेक जण येथेच राहिले. सूफी संत बुऱ्हाणुद्दीन गरीब यांची कबर जवळच खुलदाबादेस आहे. उत्तरेची बोली दक्षिणेत रुजून पुढे दखनी भाषा घडली, तिच्या मुळाशी हे स्थलांतरही आहे. सुलतानाने ज्या अमिरांच्या बळावर दक्षिण राखावयाची, त्यांनीच बंड केले आणि 1347 साली याच दौलताबादेत हसन बहमनशहास राज्याभिषेक झाला. बहमनी राज्याचा उगम असा येथला. राजधानी मात्र लवकरच गुलबर्ग्यास गेली.

पुढील हकीकत थोडक्यात सांगितली तरी चालेल. 1499 साली गड निजामशाहीकडे आला. शहराभोवतीचा अंबरकोट मलिक अंबराच्या नावाने ओळखला जातो. जिजाबाईंचे वडील लखुजी जाधवराव यांची हत्या 1629 साली येथेच निजामशहाच्या दरबारात झाली. 1633 साली वेढा घालून मोगलांनी गड घेतला.

सहल नेल्यास मुलांची घाई खंदक आणि अंधेरी यांकडे असते. वाटेत जुन्या मशिदीच्या प्रशस्त दालनात थोडा वेळ थांबावे व खांब न्याहाळावयास सांगावे. ते मुळात यादवकालीन देवळांचे आहेत. खलजींच्या काळात त्यांची मशीद झाली, आणि 1948 नंतर तेथे भारतमातेची मूर्ती स्थापन करण्यात आली.