जॉइनिंगच्या दिवशी सही केलेले दोन कागद : एकाला उगाच घाबरता, दुसरा वाचलेलाच नसतो

नव्या नोकरीचा पहिला दिवस आठवा. एचआरकडून मेल येतो, त्यात दहा-पंधरा पीडीएफ. लॅपटॉप मिळायचाय, आयडी कार्ड व्हायचंय, कॅन्टीन कुठंय ते शोधायचंय. अशात कोण काय वाचतंय? आपण खाली खाली स्क्रोल करत सह्या ठोकत जातो.

त्यातला एक कागद तीन-चार वर्षांनी आठवतो. दुसऱ्या कंपनीची ऑफर हातात असते, पगार चांगला वाढणार असतो आणि तेवढ्यात कुणीतरी म्हणतं, "अरे, आपल्या करारात नॉन-कम्पीट आहे. सहा महिने कॉम्पिटिटरकडे जाता येत नाही." झालं, झोप उडाली.

दुसरा कागद मात्र कुणालाच आठवत नाही. शेअर बाजारात नाव असलेल्या प्रत्येक कंपनीकडे तो असतो. कंपनीच्या शेअर्समध्ये कर्मचाऱ्यांनी व्यवहार कसे करायचे, याची ती नियमावली. गंमत अशी की, ज्याला आपण घाबरतो त्या कागदात फारसा दम नाही, आणि जो वाचलाच नाही त्याच्यामागे दंडही आहे आणि तुरुंगही.

आधी घाबरवणारा कागद बघू.

भारतीय करार कायदा १८७२ सालचा. त्यातलं कलम २७ सांगतं की, कुणालाही कायदेशीर धंदा, व्यवसाय किंवा नोकरी करण्यापासून रोखणारा करार तेवढ्यापुरता रद्दबातल आहे. मोठा अपवाद एकच, तो म्हणजे धंदा त्याच्या नावलौकिकासकट विकला असेल तर. म्हणजे तुम्ही चालतं हॉटेल विकलं आणि लगेच शेजारी दुसरं काढलं, तर घेणारा तुम्हाला अडवू शकतो. पगारदार माणसाला हा अपवाद लागू होत नाही.

हे कलम आलं कुठून, तेही ऐकण्यासारखं आहे. अमेरिकेत डेव्हिड डडली फील्ड नावाच्या वकिलाने न्यूयॉर्कसाठी एक दिवाणी संहिता लिहिली होती. न्यूयॉर्कने ती घेतली नाही. पण तिच्यातला हा नियम भारताने उचलला आणि त्याच वर्षी, १८७२ मध्येच, कॅलिफोर्नियानेही घेतला. आज कॅलिफोर्नियात नॉन-कम्पीट चालत नाही आणि भारतातही नोकरी सुटल्यानंतर ते चालत नाही, याचं मूळ एकच आहे.

यात 'नोकरी सुटल्यानंतर' हे शब्द महत्त्वाचे. कारण नोकरी चालू असताना गोष्ट वेगळी होते.

आपल्या कल्याणचीच केस आहे. सेंच्युरी कंपनीच्या तिथल्या कारखान्यात टायरसाठी लागणारा धागा तयार व्हायचा. त्याचं तंत्रज्ञान हॉलंडच्या कंपनीकडून, गुप्त ठेवायच्या अटीवर आलेलं. निरंजन गोळीकरी तिथे शिफ्ट सुपरवायझर होते आणि त्यांचा करार पाच वर्षांचा होता. मुदत संपायच्या बरंच आधी ते कोट्याच्या एका रेयॉन कंपनीत जास्त पगारावर गेले. प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत पोहोचलं आणि १९६७ मध्ये कोर्टाने कंपनीच्या बाजूने निकाल दिला. कारण बंदी त्या पाच वर्षांपुरतीच होती, त्यानंतरची नव्हती.

आता याच्या उलट केस बघा. क्रिकेटर झहीर खानचा परसेप्ट डी'मार्क या कंपनीशी २००० साली तीन वर्षांचा करार झाला होता. त्यात एक अट होती : मुदत संपल्यावर दुसऱ्या कुणाची ऑफर आली, तर आधी आम्हाला सांगायचं आणि तेवढीच ऑफर द्यायची संधी आम्हाला द्यायची. मुदत संपली आणि झहीर दुसऱ्या कंपनीकडे गेला. कंपनी कोर्टात गेली. २००६ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की, करार संपल्यानंतरही माणसाला बांधून ठेवणारी ही अट कलम २७ नुसार टिकत नाही. झहीर नोकरदार नव्हता, पण नोकरीच्या वादांतही हा निकाल सारखा दाखवला जातो.

मग कंपन्या हे कलम करारात घालतातच कशाला?

भीती घालायला. दुसरं काही कारण मला तरी दिसत नाही. कोर्टात टिकणार नाही हे कंपनीच्या वकिलाला माहीत असतं, पण तुम्हाला माहीत नसतं. वकिली लेटरहेडवरची एक नोटीस आली की घरातले म्हणतात, "जाऊ दे बाबा, कशाला भानगड?" शिवाय रिलिव्हिंग लेटर अडवलं, शेवटचा हिशोब लांबवला, की माणूस आपोआप नरमतो.

२०२२ मध्ये इन्फोसिसच्या अशाच अटीवरून वाद पेटला होता. नोकरी सोडल्यावर सहा महिने, ज्या क्लायंटचं काम केलं त्याच क्लायंटसाठी, नाव घेऊन सांगितलेल्या स्पर्धक कंपन्यांत काम करायचं नाही, असं त्यात होतं. पुण्याच्या 'नाइट्स' या आयटी कर्मचाऱ्यांच्या संघटनेने केंद्रीय कामगार मंत्रालयाकडे तक्रार केली. कंपनीचं म्हणणं होतं की क्लायंटची गोपनीय माहिती जपायला ही अट लागते.

या म्हणण्यात अगदीच तथ्य नाही असं नाही. पण त्यासाठी गोपनीयतेचा वेगळा करार असतो आणि तो नोकरी सोडल्यावरही लागू राहतो. डोक्यातलं कौशल्य तुमचं, पेनड्राइव्हमधली क्लायंटची यादी कंपनीची. फाइल्स स्वतःच्या मेलवर पाठवून बाहेर पडलात, तर कलम २७ मदतीला येणार नाही.

बाँडचंही तसंच. 'तीन वर्षं थांबा, नाहीतर दोन लाख भरा' ही विजया बँकेची अट सुप्रीम कोर्टाने मे २०२५ मध्ये वैध ठरवली. कोर्टाच्या मते ती अट पुढची नोकरी रोखत नव्हती, तर चालू नोकरीची मुदत ठरवत होती.

कॅलिफोर्नियाने या भीतीवर एक साधा उपाय काढला. ज्या कर्मचाऱ्यांच्या करारात असं कलम आहे त्यांना 'ते रद्द आहे' असं १४ फेब्रुवारी २०२४ च्या आत लेखी कळवा, असा कायदाच केला. आपल्याकडे कायदा दीडशे वर्षांचा आहे, पण तो कर्मचाऱ्याला कळवायचं बंधन कंपनीवर नाही.

आता तो न वाचलेला कागद.

सेबीचे इनसायडर ट्रेडिंगचे नियम २०१५ चे आहेत. लोकांना वाटतं हे सगळं मालक आणि सीईओंसाठी. तसं नाही. अकाउंट्स, लीगल, आयटी, सेक्रेटेरियल, जिथे जिथे आतली माहिती हाताखालून जाते तिथल्या माणसांना कंपनी 'डेझिग्नेटेड पर्सन' ठरवू शकते. यादीत तुमचं नाव असेल, तर तिमाही संपल्यापासून निकाल जाहीर झाल्यानंतरच्या ४८ तासांपर्यंत कंपनीच्या शेअर्समध्ये व्यवहार करता येत नाही. एरवीही ठरावीक रकमेच्या पुढच्या व्यवहाराला आधी परवानगी लागते. आणि आज घेतलेला शेअर सहा महिन्यांच्या आत विकून चालत नाही. विकलात, तर नफा सेबीच्या गुंतवणूकदार संरक्षण निधीत जमा होतो.

इथे आपली सवय नडते. मोबाईलवर ॲप आहे, सकाळी घेतलं, दुपारी विकलं. बाकी शेअर्समध्ये जे चालतं ते स्वतःच्या कंपनीच्या शेअरमध्ये नियमभंग ठरतं. बायकोच्या डीमॅटवरून केलं तरी सुटका नाही, कारण नियमात जवळचे नातेवाईकही येतात. यादीत नाव नाही म्हणून मोकळे, असंही नाही. निकाल वाईट येणार हे आधीच कळलं आणि शेअर विकले, किंवा मेहुण्याला व्हॉट्सॲपवर इशारा दिला, तर शिपायापासून संचालकापर्यंत कुणीही इनसायडर. दंड किमान १० लाख. वर २५ कोटी किंवा नफ्याच्या तिप्पट, यातली जी रक्कम जास्त असेल तिथपर्यंत जाऊ शकतो. शिवाय दहा वर्षांपर्यंतच्या कैदेची तरतूद आहे.

आणि राजीनामा दिला की हे संपत नाही. मागच्या सहा महिन्यांत कंपनीशी संबंध असलेल्या माणसाला नियम 'संबंधित' धरतात. म्हणजे सोमवारी स्पर्धक कंपनीत रुजू व्हायला कायद्याची हरकत नाही. पण आतलं काही ठाऊक असताना त्याच सोमवारी जुन्या कंपनीचे शेअर विकलेत, तर हरकत आहे.

हे दोन्ही कागद एकत्र येतात ते ईसॉपमध्ये. नॉन-कम्पीटने जे जमत नाही ते काम ईसॉप गुपचूप करतं. समजा ४०० ऑप्शन मिळाले, दरवर्षी १०० पक्के होणार. दोन वर्षं दहा महिन्यांनी नोकरी सोडली, तर २०० हातात आणि उरलेले २०० सहसा गेले. यात कलम २७ आड येत नाही, कारण तुम्हाला कुणी रोखलेलं नाही, फक्त जाणं महाग केलंय. शिवाय पक्के झालेले २०० ही फुकट नसतात. योजनेत दिलेल्या मुदतीत ठरलेली किंमत भरून ते घ्यावे लागतात आणि बाजारभावातला फरक पगार धरून त्यावर कर बसतो. शेअर बाजारात नसलेल्या स्टार्टअपमध्ये तर शेअर विकायला गिऱ्हाईकच नसतं, कर मात्र खिशातून जातो.

त्यामुळे राजीनाम्याचा मेल टाइप करण्याआधी नॉन-कम्पीटचं पान शोधत बसू नका, ईसॉपचं पत्र उघडा. त्यात तीन गोष्टी बघा : पुढचे ऑप्शन पक्के होण्याची तारीख, सोडल्यावर ते घ्यायला मिळणारे दिवस, आणि 'स्पर्धक कंपनीत गेल्यास पक्के झालेले ऑप्शनही रद्द' अशी ओळ आहे का. ती ओळ सापडली तर मात्र वकिलाची फी सत्कारणी लागेल.