आहाराच्या पैशावर आईची सही

गटाच्या बैठकीत एका बाईने विचारलं, "ताई, सरकार देते, आपण घेतो, मग यात भागीदारी कुठली?" प्रश्न रास्त होता. म्हणून आज आपल्या शेजारच्या मेळघाटाबद्दल बोलू.

मेळघाट म्हणजे अमरावती जिल्ह्यातले धारणी आणि चिखलदरा तालुके. वस्ती बहुतेक कोरकू आदिवासींची. १९९३ मध्ये तिथल्या बालमृत्यूंनी राज्य हादरलं. १९९५ मध्ये नवसंजीवन योजना आली. पण गाड्या आणि गोळ्या आल्या म्हणून आईच्या ताटात भाकर वाढत नाही.

डिसेंबर २०१५ पासून राज्याच्या अनुसूचित क्षेत्रात डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजना सुरू झाली. गरोदर आणि स्तनदा आईला अंगणवाडीत एक वेळचा चौरस आहार मिळतो: पोळी किंवा भाकर, भात, वरण, पालेभाजी, शेंगदाण्याचा लाडू, अंडं. २०१६ पासून सात महिने ते सहा वर्षांच्या लेकरांनाही आठवड्यातून चार दिवस अंडं किंवा केळी मिळू लागली. आईने जेवायचं अंगणवाडीतच. डबा घरी नेला की तो सगळ्यांत वाटला जातो आणि आईच्या वाट्याला तळ उरतो. हे तुम्हाला आम्ही काय सांगावं!

भागीदारी आहे ती पुढे. यासाठी गावात चार जणींची आहार समिती असते. महिला पंचायत सदस्य अध्यक्ष, एक गरोदर बाई, एक स्तनदा माता आणि अंगणवाडी सेविका. पैसे अध्यक्ष आणि सेविकेच्या संयुक्त खात्यात येतात. सामान गावातच घेतलं जातं, गावातच शिजतं. उद्या अंडी कमी आली तर कोणाला विचारायचं, हे प्रत्येकीला माहीत असतं.

अर्थात सगळं गोड नाही. निधी उशिरा आला की किराणा दुकानात उधारी चढते आणि तगादा सेविकेला सोसावा लागतो. आमच्या मते हीच मोठी खोट. जबाबदारी गावावर टाकायची, तर पैसाही वेळेवर यायला पाहिजे.

दुसरं उदाहरण भूमकांचं. लेकराचं पोट फुगलं की कोरकू घरं आधी भूमकाकडे जातात, आणि कधी कधी पोटावर तापल्या लोखंडाचे चटके दिले जातात. नुसत्या धाकाने लोक लपवू लागतात. म्हणून आरोग्य विभागाने भूमकांनाच जवळ करून, आजारी लेकरू दवाखान्यात पाठवायला तयार करण्याचा मार्ग धरला. ज्याच्यावर गावाचा विश्वास, त्याच्यामार्फत जाणं आम्हाला शहाणपणाचं वाटतं.

आता आपलं. आपल्या जिल्ह्यातही भिल्ल, कोरकू, निहाल आहेत, पण बुलढाणा अनुसूचित क्षेत्रात नाही. म्हणून अमृत आहार आपल्या मोताळ्याच्या अंगणवाडीत दिसत नाही. तरी हात रिकामे नाहीत. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नाचे १० टक्के महिला व बालकल्याणावर खर्च करायचे असतात. गावच्या आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समितीतही बायांना जागा असते. आणि प्रत्येक ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यावी लागते. तिथे दोनच प्रश्न विचारा: १० टक्के किती होतात, आणि ते गेल्या वर्षी कशावर गेले? उत्तर इतिवृत्तात लिहायला लावा. भिल्ल वस्तीतल्या बाया मजुरीवरून संध्याकाळी येतात. सभेची वेळ ठरवताना ते आधी सांगा.