'घट्ट' म्हणजे नेमकं किती? गाडीच्या नटातून टॉर्कचा धडा

आघूर्ण, म्हणजेच टॉर्क शिकवताना आपण दाराचं उदाहरण देतो. बिजागरीजवळ ढकललं तर जोर जास्त लागतो, कडीजवळ ढकललं तर दार सहज फिरतं. बल गुणिले अंतर. पण घरीच गाडीचं काम करणाऱ्यांसाठी हेच सूत्र जिवाशी गाठ ठरू शकतं. कसं ते बघू.

मारुती ८०० पासून कितीतरी छोट्या गाड्यांमध्ये पुढच्या चाकांना मॅकफर्सन स्ट्रट असतो. स्प्रिंग आणि शॉकअप एकत्र बसवलेला हा उभा खांब. त्याचे नट तीन ठिकाणी असतात आणि तिघांचं काम वेगळं.

१. वरचे छोटे नट : हे स्ट्रटचा माथा बॉडीला धरतात. यांना टॉर्क कमी लागतो. जास्त पिळले तर आटे जातात किंवा स्टड तुटतो.

२. माथ्यावरचा मधला नट : याच्या खाली दाबलेली स्प्रिंग असते. स्प्रिंग कंप्रेसरने आवळल्याशिवाय हा सोडला तर ती उसळून जीवघेणी इजा होऊ शकते. स्ट्रट अख्खा काढायचा असेल तर याला हातच लावू नये. घट्ट करताना आतला दांडा नटाबरोबर फिरतो, म्हणून दांड्याचं टोक एलन कीने धरून नट रिंग पान्याने फिरवतात. दांडा पकडीने धरला तर चरे पडतात, मग सील फाटून तेल गळतं.

३. खालचे जाड बोल्ट : हे स्ट्रटला चाकाच्या भागाशी जोडतात. यांना टॉर्क बराच जास्त लागतो. ढिले राहिले तर चाकाचा कल बदलतो. म्हणून हे उघडले की नंतर अलाइनमेंट तपासून घ्यावी.

आता गणित. समजा मॅन्युअलमध्ये ५० न्यूटन-मीटर दिलंय. पाना २५ सेंमी लांब असेल तर टोकाला २०० न्यूटन, म्हणजे साधारण २० किलो वजनाइतका जोर लागेल. पान्याला पाइप अडकवून लांबी ५० सेंमी केली तर १० किलोंतच काम होईल. हाताला मात्र तो 'थोडासाच' जोर वाटतो! छोटे नट तुटतात ते इथेच. म्हणूनच टॉर्क रेंच वापरायचा. आकडा लावायचा, मुठीत धरून सावकाश ओढायचं आणि 'टक' झालं की थांबायचं.

आणखी तीन गोष्टी. आकडा आपल्याच गाडीच्या मॅन्युअलमधून घ्यायचा. आट्यांना मनाने तेल लावायचं नाही. घर्षण कमी झालं की त्याच टॉर्कला बोल्ट जास्त ताणला जातो. आणि नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही जायचं नाही, खाली जॅक स्टँड हवेतच.

वर्गात हे सहज करून दाखवता येतं. बाकाला शिकंज्यात एक बोल्ट घट्ट धरा, पान्याच्या टोकाला ताणकाटा अडकवा आणि काटकोनात ओढा. नट हलला तेव्हाचं वाचन गुणिले अंतर, असं मुलांनाच काढू द्या. मग काटा पान्याच्या मध्यावर लावा. नट तोच, पण जोर जवळपास दुप्पट लागेल. 'घट्ट' हा अंदाज नसून मोजता येणारी राशी आहे, हे त्यांना हातानेच कळेल.